अल्सास आणि दूरस्थ सत्ता : परस्परप्रतिमा

अल्सास (फ्रेंच उच्चार आल्झास, जर्मन उच्चार एल्झास, मराठी शालेय इतिहासपुस्तकांतून रूढ झालेले रूप अल्सेस) हा फ्रान्सच्या ईशान्य सीमेवरील, ऱ्हाइन नदी आणि व्होझ पर्वतरांग यांच्या दरम्यान उत्तर-दक्षिण पसरलेला चिंचोळा प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,२८० चौ. किमी. असून स्ट्रासबुर्ग, कोल्मार आणि म्युलुझ ही त्यातील प्रमुख शहरे होत. १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांच्या काळात हा प्रदेश फ्रान्सकडून जर्मनीकडे, जर्मनीकडून फ्रान्सकडे, पुन्हा जर्मनीकडे आणि पुन्हा फ्रान्सकडे असा चार वेळा गेला. १८६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि ऐंशी वर्षे जगलेल्या एखाद्या शेतकऱ्याने आपले गाव कधीही सोडले नसले, तरी त्याचा देश चार वेळा बदलला.

अल्सासच्या राजकीय इतिहासाचा समग्र आढावा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. पॅरिस आणि बर्लिन या दूरच्या राजधान्यांनी या सीमाप्रदेशाकडे कसे पाहिले आणि तेथील लोकांना त्या राजधान्या कशा दिसल्या, याचा येथे विचार केला आहे. दोन्ही राजधान्यांनी अल्सासला आपलाच तुटलेला अवयव मानले. मात्र तेथील रहिवाशांना त्यांचे मत विचारण्याचे दोघींनीही टाळले.

भूगोल आणि भाषा

स्ट्रासबुर्गपासून पॅरिस सरळ रेषेत सुमारे ४०० किमी., तर बर्लिन सुमारे ६०० किमी. अंतरावर आहे. प्रदेशाच्या पश्चिमेस व्होझ पर्वत आणि पूर्वेस ऱ्हाइन नदी असल्यामुळे ‘निसर्गाने आखलेली सीमा’ या युक्तिवादाला येथे दोन पर्याय उपलब्ध होते. फ्रेंच मुत्सद्दी ऱ्हाइनकडे बोट दाखवीत, तर जर्मन पंडित व्होझकडे. कारण नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच वळणाची बोली बोलली जात असे. दोन्ही मते मांडण्यास नकाशा पुरेसा होता, त्यासाठी गावात जाऊन राहण्याची गरज नव्हती.

येथील पारंपरिक बोली अल्सेशियन ही मुख्यतः आलेमानिक गटातील असून स्वित्झर्लंडमधील आणि पलीकडच्या बाडेन प्रांतातील जर्मन बोलींना ती जवळची आहे. व्होझच्या काही खोऱ्यांत फ्रेंचशी नाते सांगणारी वेल्श ही बोलीही होती. बोली जर्मन वळणाची, प्रार्थनापुस्तक प्रमाण जर्मनमधील आणि शिकल्यासवरल्या घरांतील संभाषण फ्रेंचमध्ये, अशी विभागणी एकोणिसाव्या शतकातील सामान्य अल्सेशियन माणसाला खटकत नसे. भाषा आणि निष्ठा यांचे समीकरण त्याने मांडलेले नव्हते. ते बाहेरून आले.

१८७० पूर्वीचा काळ

१६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने हॅब्सबर्ग घराण्याचे अल्सासमधील हक्क फ्रान्सच्या राजाकडे गेले आणि १६८१ मध्ये चौदाव्या लुईने स्ट्रासबुर्ग हे स्वतंत्र शहर ताब्यात घेतले. त्यानंतरही शतकभर राजसत्तेने या प्रांताच्या अंतर्गत व्यवहारात फारसा हात घातला नाही. १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांचे धार्मिक स्वातंत्र्य काढून घेणारा आदेश फ्रान्सभर लागू झाला, तेव्हा अल्सास त्यातून वगळला गेला. जकातीच्या दृष्टीने तर हा प्रांत परकीय मुलूखच समजला जाई. जकात नाकी ऱ्हाइनवर नसून व्होझच्या बाजूला होती आणि येथील माल जर्मन मुलखात विनासायास जाई. १७७०–७१ मध्ये गटे स्ट्रासबुर्गला कायद्याचे शिक्षण घेण्यास आला, तो फ्रान्सच्या राज्यातील एका जर्मन वळणाच्या विद्यापीठात. राजाला निष्ठा आणि कर हवे होते. प्रजेने कोणत्या भाषेत बोलावे, याची त्याला फिकीर नव्हती.

फ्रेंच राज्यक्रांतीने हे चित्र बदलले. अल्सासमध्ये क्रांतीचे स्वागत झाले. फ्रान्सचे राष्ट्रगीत ‘ला मार्सेयेझ’ हे एप्रिल १७९२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथेच, ऱ्हाइनवरील सैन्याचे युद्धगीत म्हणून, रुझे द लील या अधिकाऱ्याने रचले. परंतु नागरिकांचे राष्ट्र ही कल्पना आली आणि तिच्यासोबत नागरिकांची एकच भाषा ही कल्पनाही आली. जानेवारी १७९४ मध्ये बारेर याने पॅरिसच्या अधिवेशनात सादर केलेल्या अहवालात जर्मन भाषेची गाठ देशत्यागी सरदारांशी आणि प्रजासत्ताकाच्या द्वेषाशी घातली. ज्या प्रांतात राष्ट्रगीत जन्मले, त्या प्रांताची बोली दोन वर्षांच्या आत संशयास्पद ठरली. नेपोलियनने पुढे ही बाब सोडून दिली. या माणसांना हवे ते बोलू द्या, तलवार फ्रान्सची चालवली म्हणजे झाले, अशा आशयाचे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात. ते त्याचे असोत वा नसोत, अल्सासमध्ये ते आवडीने सांगितले जात.

१८७१ : प्रश्न कोणी विचारावा?

१८७० च्या फ्रँको-प्रशियन युद्धात स्ट्रासबुर्गला वेढा पडला. २४ ऑगस्टच्या रात्रीच्या तोफमाऱ्यात शहराचे ग्रंथालय जळाले. बाराव्या शतकातील ‘होर्तुस देलिसियारुम’ ही हेराड या मठाध्यक्षिणीची सचित्र पोथी त्यात नष्ट झाली. आपण ज्यांना मुक्त करण्यास आलो असे जर्मन सेनानी म्हणत होते, त्या शहराला त्यांची पहिली ओळख ही अशी झाली.

याच सुमारास पंडितांमध्ये वाद सुरू झाला. रोमच्या इतिहासाचे विख्यात जर्मन अभ्यासक थिओडोर मोम्सेन यांनी भाषा आणि वंश यांच्या आधारे अल्सास जर्मन असल्याचे प्रतिपादन केले. त्यांना उत्तर दिले फ्युस्तेल द कुलांज यांनी. हे इतिहासकार दहा वर्षे स्ट्रासबुर्ग येथे प्राध्यापक होते. माणसे कोणत्या राष्ट्राची हे त्यांची भाषा ठरवीत नाही, त्यांच्या स्मृती आणि त्यांची इच्छा ठरवते, असे त्यांचे म्हणणे होते. अर्नेस्ट रेनाँ यांनी ११ मार्च १८८२ रोजी सोरबाँ येथे दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात हाच विचार पुढे नेला. राष्ट्र म्हणजे रोज नव्याने दिला जाणारा कौल होय, या त्यांच्या व्याख्येमागे अल्सासची जखम होती.

जर्मन बाजूने हाइनरिख फोन ट्राइच्के या इतिहासकाराने अधिक स्पष्ट भूमिका घेतली. अल्सेशियन लोकांसाठी काय हितकर आहे हे त्या बिचाऱ्यांपेक्षा आम्हा जर्मनांना अधिक कळते, असा त्याच्या १८७० मधील पुस्तिकेचा आशय होता. हे विधान उद्दाम असले तरी प्रामाणिक होते, असे म्हणावे लागते. लोकेच्छेचा सिद्धान्त मांडणाऱ्या फ्रान्सनेही १९१८ मध्ये संधी आली तेव्हा लोकांचा कौल घेतला नाही.

अल्सासच्या स्वतःच्या प्रतिनिधींनी मात्र मत नोंदवले होते. फेब्रुवारी आणि मार्च १८७१ मध्ये बोर्दो येथील राष्ट्रसभेत त्यांनी आपल्या संमतीविना होणाऱ्या हस्तांतरणाचा निषेध केला आणि ते सभागृहाबाहेर पडले. १० मे १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहाने अल्सास आणि लॉरेनचा काही भाग नव्या जर्मन साम्राज्याकडे गेला. ज्यांना फ्रेंच नागरिकत्व राखायचे होते त्यांना १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत प्रदेश सोडण्याची मुभा होती. हजारो कुटुंबांनी तसे केले.

पॅरिसच्या कल्पनेतील अल्सास

गेलेल्या प्रदेशाची जागा फ्रान्समध्ये एका चित्राने घेतली. पॅरिसच्या प्लास द ला काँकोर्द या चौकात फ्रेंच शहरांचे प्रतीक म्हणून स्त्रीमूर्ती आहेत. त्यांपैकी स्ट्रासबुर्गच्या मूर्तीवर काळे वस्त्र आणि पुष्पचक्रे वाहिली जाऊ लागली. भित्तिपत्रकांवर आणि मासिकांतून डोक्यावर मोठी काळी फीत बांधलेली शोकमग्न अल्सेशियन तरुणी दिसू लागली. वास्तविक हे शिरोभूषण अल्सासच्या सर्व भागांत वापरात नव्हते. स्ट्रासबुर्गच्या आसपासच्या आणि उत्तरेकडील काही ग्रामीण भागांचा तो पेहराव होता. शोकाचा काळा रंग मानला गेला, तोही मुळात शोकाचा नव्हता.

या कल्पनाचित्राला सर्वांत टिकाऊ रूप दिले ते आल्फोन्स दोदे याच्या ‘शेवटचा तास’ या कथेने. ती १८७२ मध्ये वृत्तपत्रात आणि पुढील वर्षी कथासंग्रहात प्रसिद्ध झाली. भारतात एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या ‘फ्लेमिंगो’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती ‘द लास्ट लेसन’ या नावाने पहिला पाठ म्हणून समाविष्ट असल्यामुळे अनेक भारतीय विद्यार्थ्यांची अल्सासशी पहिली भेट तिच्यातूनच होते. बर्लिनहून हुकूम आला आहे, उद्यापासून शाळेत केवळ जर्मन शिकवली जाईल. म्हणून हामेल गुरुजी फ्रेंचचा शेवटचा तास घेतात, मागच्या बाकांवर गावातील वृद्ध येऊन बसतात आणि व्याकरणाचा अभ्यास न केल्याबद्दल फ्रान्झ या मुलाला पश्चात्ताप होतो. शिक्षकी पेशातील कोणालाही ही कथा हलवून सोडते आणि मातृभाषेच्या प्रेमाची कथा म्हणूनच ती बहुधा शिकवली जाते.

येथे एक महत्त्वाची बाब नजरेआड होते. फ्रान्झ ज्या भाषेत आपल्या आईशी बोलत असेल, ती बहुतांश अल्सेशियन मुलांप्रमाणे जर्मन वळणाची बोली असणार. फ्रेंच ही त्याची शाळेची भाषा होती आणि प्राथमिक शाळांत तिचा आग्रह धरला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. दोदे हा दक्षिण फ्रान्समधील नीम शहरचा. त्याने लिहिलेला शोक पॅरिसच्या वाचकांचा होता आणि तो खरा होता. पण तो अल्सासच्या गावातील बाकावर बसून अनुभवलेला नव्हता. नव्या जर्मन प्रशासनाने ज्या गावांची बोलीच फ्रेंच होती, तेथे शाळेत फ्रेंचला काही काळ सवलतही दिली होती. कथेच्या वाङ्मयीन मूल्याला यामुळे बाध येत नाही. इतिहासाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र हे ध्यानात घ्यावे.

प्रतीकातील अल्सास आणि प्रत्यक्षातील अल्सेशियन यांच्यातील अंतर द्रेफ्यूस प्रकरणात उघडे पडले. १८९४ मध्ये जर्मनीसाठी हेरगिरी केल्याचा खोटा आरोप ज्याच्यावर ठेवला गेला, तो कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस म्युलुझचा होता. त्याने फ्रेंच नागरिकत्व राखले होते, परंतु कुटुंबाचा कारखाना जर्मन अमलाखालील म्युलुझमध्येच होता. ज्यू असणे हे संशयाचे मुख्य कारण. सीमेपलीकडचे नातेसंबंध हे दुसरे. गुप्तचर विभागाचा प्रमुख सांधेर हाही म्युलुझचाच, खरा अपराधी शोधून काढणारा पिकार स्ट्रासबुर्गचा आणि द्रेफ्यूसची बाजू घेणारे सिनेटर शरेर-केस्नर पुन्हा म्युलुझचे. काळ्या फितीच्या तरुणीसाठी अश्रू ढाळणाऱ्या पॅरिसला जिवंत अल्सेशियन माणूस ओळखता येत नव्हता.

जर्मन साम्राज्यातील अल्सास

बर्लिनने अल्सास-लॉरेनला इतर जर्मन राज्यांप्रमाणे राज्याचा दर्जा दिला नाही. तो ‘राइक्सलांड’, म्हणजे संपूर्ण साम्राज्याच्या मालकीचा मुलूख ठरला. बिस्मार्कला तो फ्रान्सविरुद्धची तटबंदी म्हणून हवा होता. ‘मुक्त’ केलेल्या बांधवांना १९०२ पर्यंत आणीबाणीच्या विशेष कलमाखाली राहावे लागले. १८७४ मध्ये राइशस्टागसाठी पहिली निवडणूक झाली, तेव्हा येथून निवडून आलेले पंधराही प्रतिनिधी विलीनीकरणाच्या विरोधातील होते.

तथापि या राजवटीची दुसरी बाजूही होती. १८७२ मध्ये स्ट्रासबुर्गला नव्या विद्यापीठाची स्थापना झाली, जळालेल्या ग्रंथालयाच्या जागी नवे, समृद्ध ग्रंथालय उभे राहिले, रुंद रस्त्यांचे नवे नगर वसले. कामगारांसाठी आजारपणाचा विमा आला. चाळीस वर्षांत एक पिढी अशी वाढली की जिला फ्रान्स आजोबांच्या गोष्टींतून माहीत होता. तिची मागणी फ्रान्समध्ये परतण्याची नव्हती, तर जर्मनीअंतर्गत बरोबरीच्या राज्याची होती. १९११ मध्ये स्वतःचे विधिमंडळ असलेली राज्यघटना मिळाली आणि प्रश्न सुटण्याच्या मार्गावर आहे असे वाटू लागले.

दोन वर्षांतच साव्हेर्न (जर्मन नाव त्साबेर्न) येथे ते विस्कटले. १९१३ च्या अखेरीस तेथील छावणीतील फोन फोर्स्टनर नावाच्या वीस वर्षांच्या लेफ्टनंटने नव्या शिपायांसमोर स्थानिक लोकांचा ‘वाकेस’ या शिवीवजा शब्दाने उल्लेख केला. हा शब्द वापरण्यास सैन्यात मनाई होती. वृत्तपत्रांत ही बातमी येताच निदर्शने झाली आणि लष्कराने मुलकी अधिकाऱ्यांना न जुमानता नागरिकांना रस्त्यावरून उचलून तळघरात डांबले. राइशस्टागने ४ डिसेंबर रोजी २९३ विरुद्ध ५४ मतांनी चान्सेलरविरुद्ध अविश्वास व्यक्त केला. परंतु चान्सेलर संसदेला जबाबदार नसल्यामुळे काही घडले नाही. वरिष्ठ अधिकारी निर्दोष सुटले. बर्लिनच्या लेखी अल्सास हा अजूनही शत्रूचा मुलूख आहे, हे येथील लोकांना चाळीस वर्षांच्या भाषणांपेक्षा या एका शब्दाने अधिक स्पष्टपणे कळले.

पहिल्या महायुद्धात अल्सास-लॉरेनमधील सुमारे ३,८०,००० पुरुष जर्मन सैन्यात होते. त्यांच्यावर विश्वास नसल्याने अनेकांना फ्रान्सपासून दूर, रशियन आघाडीवर धाडण्यात आले. दुसरीकडे, युद्ध सुरू झाले त्या वेळी फ्रान्समध्ये असलेल्या अनेक अल्सेशियनांना फ्रेंच सरकारने शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून छावण्यांत स्थानबद्ध केले.

१९१८ चे पुनरागमन

२२ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रेंच सैन्य स्ट्रासबुर्गमध्ये शिरले, तेव्हा शहराने त्याचे उत्स्फूर्त आणि प्रचंड स्वागत केले. डिसेंबरमध्ये तेथे आलेल्या राष्ट्राध्यक्ष प्वँकारे यांनी ती गर्दी पाहून सार्वमत झालेच आहे, असे जाहीर केले. त्यामुळे खरे सार्वमत झाले नाही.

उत्साह ओसरण्यास फार काळ लागला नाही. प्रशासनाने रहिवाशांना चार प्रकारची ओळखपत्रे दिली. ‘ए’ ओळखपत्र १८७० पूर्वीच्या फ्रेंच घराण्यांतील व्यक्तींना, ‘बी’ ज्यांच्या आईवडिलांपैकी एक परका होता त्यांना, ‘सी’ मित्रराष्ट्रे किंवा तटस्थ देशांतून आलेल्यांच्या मुलांना आणि ‘डी’ जर्मन वंशाच्या लोकांना, मग त्यांचा जन्म अल्सासमध्ये झालेला असला तरीही. मार्क बदलून फ्रँक घेताना मिळणारा दर, प्रवासाची परवानगी, नोकरी हे सारे या अक्षरावर अवलंबून होते. एकाच घरात नवऱ्याकडे ‘ए’ आणि बायकोकडे ‘डी’ असे प्रसंग आले. चौकशी समित्यांपुढे शेजाऱ्यांच्या तक्रारी दाखल होऊ लागल्या. एक लाखाहून अधिक लोकांना तीस किलो सामानानिशी ऱ्हाइनपलीकडे जावे लागले. राष्ट्र म्हणजे इच्छा, वंश नव्हे, असे जर्मनीला ऐकवणाऱ्या देशाने येथे आजोबांचा जन्मदाखला मागितला.

शाळांत ‘प्रत्यक्ष पद्धती’ आली. पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधूनच फ्रेंच शिकवायचे, मुलाच्या बोलीचा आधार घ्यायचा नाही, असा तिचा दंडक होता. अंतर्गत फ्रान्समधून आलेल्या अनेक शिक्षकांना मुलांची बोली येत नव्हती आणि स्थानिक शिक्षकांना फ्रेंच अपुरी येत होती. वीस-पंचवीस वर्षे उत्तम शिकवलेल्या माणसांना पुन्हा विद्यार्थी होऊन प्रशिक्षणास जावे लागले. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यांना विशेष भत्ता मिळत असे, तो स्थानिकांना नव्हता. दोदेच्या कथेतील प्रसंग येथे उलट्या दिशेने घडला. पण त्यावर कोणी कथा लिहिली नाही, निदान पॅरिसमध्ये प्रसिद्ध होईल अशी.

धर्माच्या प्रश्नावर तर पॅरिस आणि अल्सास एकमेकांना समजूच शकले नाहीत. फ्रान्सने १९०५ मध्ये चर्च आणि राज्य यांची फारकत केली, तेव्हा अल्सास जर्मनीत होता. त्यामुळे नेपोलियनकालीन धर्मकरार, सरकारी वेतन घेणारे पाद्री आणि धर्माधारित शाळा येथे टिकून राहिल्या. १९२४ मध्ये पंतप्रधान एर्रियो यांनी प्रजासत्ताकाचे सर्व कायदे येथेही लागू करण्याचा मनोदय जाहीर केला आणि प्रांतभर विरोध उसळला. पॅरिसला या विरोधात मागासलेपणा आणि जर्मन हस्तक दिसले, तर अल्सासला १९१४ च्या युद्धकाळात ‘तुमच्या परंपरांचा मान राखू’ असे मिळालेले वचन मोडल्याचे दिसले. १९२६ मध्ये स्वायत्ततेची मागणी करणारा ‘हाइमाटबुंड’चा जाहीरनामा निघाला. १९२८ मध्ये कोल्मार येथे स्वायत्ततावाद्यांवर राज्याविरुद्ध कटाचा खटला भरण्यात आला. त्यांतील रिक्लिन आणि रोसे हे दोघे तुरुंगात असतानाच लोकसभेवर निवडून आले. रिक्लिन हे जर्मन काळात विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते. एका राजधानीच्या विधिमंडळाचा अध्यक्ष दुसऱ्या राजधानीच्या न्यायालयात आरोपी झाला.

या काळाचे बोलके स्मारक स्ट्रासबुर्गच्या प्लास द ला रेपुब्लिक या चौकात आहे. १९३६ मध्ये उभारलेल्या या शिल्पात एका मातेने दोन मरणासन्न मुलांना आधार दिला आहे. फ्रान्समधील गावोगावच्या युद्धस्मारकांवर ‘फ्रान्ससाठी’ दिलेल्या बलिदानाचा उल्लेख असतो. येथे केवळ ‘आमच्या मृतांना’ एवढेच कोरलेले आहे. मुलांच्या अंगावर गणवेश नाहीत.

स्थलांतर, सक्तीची भरती आणि ओरादूर

सप्टेंबर १९३९ मध्ये सीमेवरील गावे आणि संपूर्ण स्ट्रासबुर्ग शहर रिकामे करून लाखो लोकांना नैऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य, लिमुझँ इत्यादी भागांत हलवण्यात आले. यजमानांनी ज्यांच्यासाठी गीते गायिली होती, ती माणसे आता त्यांच्या दारात उभी होती आणि जर्मनसारखे काहीतरी बोलत होती. होकारासाठी ‘या, या’ म्हणणाऱ्या या पाहुण्यांना तेथे ‘याया’ हेच नाव पडले. पाहुण्यांना धक्का बसला तो वेगळ्या कारणाने. घरांत नळ नव्हते, चुलीवर स्वयंपाक होता आणि रविवारी चर्च ओस पडलेले असे. ज्या फ्रान्सची त्यांना शाळेत ओळख करून देण्यात आली होती, त्यात हे नव्हते.

१९४० मध्ये नाझी जर्मनीने कोणत्याही तहाविना अल्सास आपल्या राज्यात जोडून घेतला. गाउलायटर रोबर्ट वाग्नर याच्या राजवटीत फ्रेंच बोलण्यावर आणि फ्रेंच पद्धतीची बेरे टोपी घालण्यावर बंदी आली. माणसांची, रस्त्यांची, दुकानांची नावे जर्मन करण्यात आली. म्युलुझमधील ‘र्‍यू द्यु सोव्हाज’ या मुख्य रस्त्याला हिटलरचे नाव दिले गेले. ‘सोव्हाज’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ रानटी असा होतो, हे अल्सेशियन लोक आजही सांगतात.

२५ ऑगस्ट १९४२ च्या आदेशाने सक्तीची लष्करभरती सुरू झाली. अल्सासमधील सुमारे १,००,००० आणि शेजारच्या मोझेल जिल्ह्यातील सुमारे ३०,००० तरुणांना जर्मन सैन्यात घालण्यात आले. पळून जाणाऱ्याच्या कुटुंबाला जर्मनीत हद्दपार केले जाई. यांतील सुमारे ४०,००० जण मेले किंवा बेपत्ता झाले. रशियनांच्या हाती लागलेल्या अनेकांना तांबोव्ह येथील छावणीत ठेवण्यात आले. ‘मालग्रे-नू’, म्हणजे ‘आमच्या इच्छेविरुद्ध’, हे त्यांचे नाव फ्रेंच भाषेत रूढ झाले.

यातूनच फ्रान्सच्या युद्धोत्तर इतिहासातील एक अत्यंत क्लेशकारक प्रकरण उद्भवले. १० जून १९४४ रोजी एस.एस.च्या एका तुकडीने लिमुझँमधील ओरादूर-स्युर-ग्लान या गावात ६४० हून अधिक स्त्री-पुरुष व मुलांची हत्या केली. १९५३ च्या प्रारंभी बोर्दो येथे २१ सैनिकांवर खटला चालला, त्यांपैकी १४ अल्सेशियन होते. त्यांतील एक स्वेच्छेने भरती झालेला, तर तेरा सक्तीने भरती केलेले होते. न्यायालयाने या तेरा जणांना पाच ते बारा वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. अल्सासमध्ये संताप उसळला. ज्या मुलांचे रक्षण फ्रान्स करू शकला नाही, त्यांनाच आता फ्रान्स दोषी ठरवतो, अशी भावना होती. आठवड्याभरात, २० फेब्रुवारी रोजी, संसदेने सक्तीच्या सैनिकांना माफी देणारा कायदा केला. आता लिमुझँमध्ये संताप उसळला. राष्ट्रीय ऐक्यासाठी आमच्या मृतांचा बळी दिला गेला, असे तेथील लोक म्हणाले. ओरादूरने सरकारी सन्मानचिन्हे परत केली आणि माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावे गावाच्या अवशेषांपाशी लावली. पॅरिसने या दोन दूरच्या प्रांतांपैकी एकाची निवड केली होती आणि तीही एका आठवड्यात. ओरादूरच्या मृतांमध्ये १९३९ मध्ये अल्सास आणि लॉरेनमधून स्थलांतरित होऊन तेथे राहिलेली माणसेही होती, याचा उल्लेख या वादात फार थोड्यांनी केला.

एकमेकांना दिलेली नावे

सीमाप्रदेश आणि केंद्र यांचे परस्परांविषयीचे मत त्यांनी एकमेकांना दिलेल्या नावांत साठलेले असते. अल्सेशियन लोक उर्वरित फ्रान्समधील माणसांना ‘आतले फ्रेंच’ म्हणतात. या प्रयोगात आपण बाहेर किंवा काठावर आहोत हे गृहीत धरलेले आहे. त्यात तक्रार असतेच असे नाही. ऱ्हाइनपलीकडच्या जर्मनांना ते ‘श्वोब’ (मूळ अर्थ श्वाबेन प्रांतातील माणूस) म्हणतात आणि हा शब्द क्वचितच प्रेमाने उच्चारला जातो. १८७१ नंतर आलेल्या जर्मन अधिकाऱ्यांना ‘जुने जर्मन’ असे नाव होते, कारण अल्सेशियन हे कागदोपत्री ‘नवे’ जर्मन होते. उलट दिशेने बर्लिनच्या शिपायाचा ‘वाकेस’ आणि फ्रान्समधील ‘चौकोनी डोक्याचे’ हे शब्द आले. ‘वाकेस’ हा शब्द पुढे अल्सेशियनांनी स्वतःच स्वतःसाठी थट्टेने वापरण्यास सुरुवात केली.

आपल्याजवळ असलेले नको आणि नसलेले हवे, अशा वृत्तीच्या ‘हान्स इम श्नोकेलोख’ या लोकगीतातील पात्राचा बाहेरच्या निरीक्षकांनी अल्सेशियन स्वभावाचा पुरावा म्हणून वारंवार उपयोग केला आहे. हान्सला काय हवे ते ठरवण्याची संधी मिळाली होती की नाही, हा प्रश्न त्यांनी सहसा विचारला नाही.

युद्धोत्तर काळ आणि सद्यःस्थिती

१९४५ नंतर प्राथमिक शाळांतून जर्मन वगळण्यात आली. ‘फ्रेंच बोलणे शोभून दिसते’ अशा अर्थाच्या घोषणा भिंतींवर लागल्या. आता सक्तीची फारशी गरजही नव्हती. नाझी राजवटीनंतर पालकांनीच मुलांशी बोलीत बोलणे थांबवले. जेर्मँ म्युलेर यांच्या १९४९ मधील एका बोलीभाषक नाटकाचे शीर्षकच ‘जाऊ द्या, आता त्याविषयी बोलू नये’ अशा आशयाचे आहे. २०१२ च्या एका पाहणीत ४३ टक्के अल्सेशियनांनी आपल्याला बोली येते असे सांगितले. तीन ते सतरा वर्षे वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. ज्या बोलीमुळे दोन्ही राजधान्यांनी या लोकांवर संशय घेतला, ती आता दोन्हींच्या संशयाविना लोप पावत आहे.

स्थानिक कायदा मात्र टिकून आहे. जर्मन काळातून आलेला आरोग्यविमा, गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन अधिकच्या सुट्ट्या, तसेच १८०१ चा धर्मकरार अल्सास आणि मोझेलमध्ये आजही लागू आहेत. उर्वरित फ्रान्समध्ये रेल्वेगाड्या डाव्या रुळावरून धावतात, तर येथे जर्मन पद्धतीने उजव्या. १८७१ च्या सीमेजवळ त्यासाठी एका मार्गावरून दुसरा मार्ग ओलांडून नेणारे पूल बांधलेले आहेत.

१९४९ मध्ये युरोप परिषदेचे मुख्यालय स्ट्रासबुर्गला आले आणि पुढे युरोपीय संसदेची अधिवेशनेही तेथे भरू लागली. फ्रेंच-जर्मन समेटाचे प्रतीक म्हणून अल्सासला ही नवी भूमिका मिळाली, तीही दूरच्या राजधान्यांनी ठरवलेली. प्रशासकीय बाबतीत पॅरिसचा जुना स्वभाव कायम राहिला. १ जानेवारी २०१६ रोजी अल्सास ‘ग्राँ एस्त’ या मोठ्या प्रदेशात विलीन झाला आणि नकाशावरून त्याचे नाव गेले. स्थानिक नाराजीनंतर १ जानेवारी २०२१ पासून दोन जिल्हे एकत्र करून ‘अल्सासची युरोपीय कलेक्टिव्हिटी’ ही संस्था अस्तित्वात आली. परंतु तिला स्वतंत्र प्रदेशाचा दर्जा नाही.

एप्रिल २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतील केल शहरापर्यंत जाते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत जर्मनीने ही सीमा बंद केली आणि रोज पलीकडे कामाला जाणाऱ्या लोकांना पुलावर अडवून तपासण्यात येऊ लागले. त्याच आठवड्यात कोल्मार आणि म्युलुझमधील रुग्णालये भरून गेली, तेव्हा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील रुग्णालयांनी अल्सासमधील अत्यवस्थ रुग्ण उपचारासाठी दाखल करून घेतले.